पायऱ्या किती?

स्वारगेटला गाडीत चढून अजून बूड टेकलं नव्हतं, तोच नानांचं आणि कंडक्टरचं जुंपलं.

वाद पैशांचा नव्हता. म्हणजे पैशांचाच होता, पण नाना तसं कबूल करत नव्हते. पंचाहत्तर पूर्ण केलेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून राज्यभर एसटी फुकट. पासष्टच्या पुढं आणि पंचाहत्तरच्या अलीकडं असाल तर अर्धं तिकीट. नानांचा जन्म एक्कावन्न सालच्या पौष शुद्ध दशमीचा. तिथीनं पंचाहत्तरी गेल्याच आठवड्यात झाली. सुनेनं पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळलं, त्यात नानांच्या सदऱ्याची बाही थोडी जळली, आणि तोच सदरा पुरावा म्हणून अंगात घालून नाना आले होते. कंडक्टरनं बाही पाहिली, मग आधार कार्ड पाहिलं. त्यावर १ जून १९५१ होतं.

"काका, जूनमध्ये या," तो म्हणाला आणि अर्धं तिकीट नानांच्या हातात ठेवलं.

१ जून ही आमच्या अख्ख्या पिढीची जन्मतारीख. आई सांगायची, "गाय व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू झालास." आता शाळेच्या रजिस्टरात गाईला रकाना नव्हता. त्यामुळं पोराला शाळेत घालायला बाप आला की हेडमास्तर सरळ १ जून लिहून मोकळे व्हायचे. पुढं ही सगळी पोरं नोकरीला लागली आणि एकाच ३१ मेला निवृत्त झाली. त्या दिवशी कचेऱ्यांतून हार-नारळांचा तुटवडा पडायचा.

आमच्या सहा जणांच्या तुकडीत एक हेडसर आहेत. नानांहून दोन वर्षांनी लहान, त्यामुळं नानांची तारीख लावणारे ते नव्हेत. पण उमेदीची दहा-बारा वर्षं त्यांनी खेड्यांतल्या शाळांत काढली आणि तिथं शे-दोनशे पोरांना एकाच तारखेला जन्म दिला, हे त्यांनीच एकदा कट्ट्यावर कौतुकानं सांगितलं होतं. नानांनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं. हेडसर खिडकीबाहेर पाहू लागले, स्वारगेट जन्मात पहिल्यांदाच बघत असल्यासारखे. तेव्हापासून नाना त्यांच्याशी थेट बोलेनात. "त्यांना सांगा, चटणी इकडं सरकवा," असं व्हाया बापू चाललं होतं.

बाकीच्यांची तिकिटं सुरळीत निघाली. नानांच्या थोरल्या भगिनी अक्का, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना शून्य रुपयांचं तिकीट मिळालं. ते त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं आणि बटव्यात तुळशीच्या माळेशेजारी ठेवलं. बापू, बँकेतले निवृत्त कॅशियर, एकाहत्तर, अर्धं. हेडसर आणि मी, अर्धं. आमच्या हिचंही अर्धंच, पण ते बायकांच्या सवलतीतलं, २०२३ च्या मार्चात सुरू झालेलं. त्यात वय विचारत नाहीत. आजवर झालेल्या सरकारी निर्णयांत हिला मनापासून पटलेला हा एकमेव. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चात, करोनाच्या तोंडावर बंद झाली ती झालीच, म्हणून आम्ही एसटीच्या वळचणीला आलो होतो.

ठरलं होतं ते असं: कोल्हापूर, जोतिबा, पन्हाळा, खिद्रापूर, नरसोबाची वाडी. चार दिवस, तीन रात्री. हेडसरांनी कार्यक्रमपत्रिका टाइप करून आणली होती. 'पहाटे ५.३० : प्रातर्विधी (सामुदायिक)' अशी तिची सुरुवात होती. कंसातला शब्द नंतर सर्वानुमते वगळण्यात आला.

माझी मात्र वेगळी वही आहे. तरुण माणूस प्रवासाला निघाला की किती किलोमीटर आणि काय बघायचं एवढंच विचारतो. माझ्या वहीत चार रकाने आहेत: पायऱ्या किती, बसायला कट्टा आहे का, स्वच्छतागृह किती लांब, आणि जेवायला खुर्ची की भारतीय बैठक. भारतीय बैठकीत बसता येतं, उठायला मात्र दोन वेटर लागतात.

खंबाटकी चढून सातारा मागं पडलं, कराड गेलं, आणि पुढं एका ढाब्यावर गाडी वीस मिनिटं थांबली. इतक्या वेळात तरुण माणूस जेवून, सिगरेट ओढून, फोनवर भांडूनही येतो. आमची पंधरा मिनिटं उतरण्यात आणि मोकळं होऊन येण्यात गेली. उरलेल्या पाचांत आम्ही अख्खा मसूर खाल्ला. या पट्ट्यातला हा पदार्थ म्हणजे ज्येष्ठांवर उपकार आहे. मसूर अख्खा असतो पण जिभेनं दाबला की विरघळतो. दातांना त्रास शून्य. सोबत आलेली रोटी मात्र टायरच्या जातीची. नानांनी कवळी काढून रुमालात बांधली, रोटी बाजूला सारली आणि दोन वाट्या मसूर नुसता प्यायले. डब्यातल्या गोळ्या घेताना बापूंनी जेवणाआधीची आणि जेवणानंतरची अशा दोन्ही एकदम घेतल्या. "पाच मिनिटांत आधी काय आणि नंतर काय," ते म्हणाले.

कोल्हापूरच्या लॉजवाल्यानं फोनवर तीनदा सांगितलं होतं, "लिफ्ट हाय की!" लिफ्ट होती. ती पहिल्या मजल्यापासून सुरू होत होती. पहिल्या मजल्यापर्यंत चौदा पायऱ्या. मी वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी अंबाबाई. देवीचं तोंड पश्चिमेला. म्हणून वर्षातून दोनदा, जानेवारीच्या अखेरीस आणि नोव्हेंबरात, मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं. एक दिवस पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. हेडसरांनी हे गरुड मंडपात उभं राहून इतकं रंगवून सांगितलं की आजूबाजूचे दहा-बारा अनोळखी लोक हात जोडून पश्चिमेकडं बघायला लागले. किरणोत्सवाला अजून तीन आठवडे होते. "मग आत्ता का आणलंत, म्हणावं," नाना बापूंना म्हणाले.

रांगेत मला एक गोष्ट कळली. देवळातली फरशी जानेवारीत फार गार असते आणि वय झालेल्या मूत्राशयाला ती लगेच कळते. दर्शन मनोभावे झालं, पण त्यात थोडी घाई होती. देवीच्या लक्षात आलं असणार.

तिथून गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. ज्यानं हे पाहिलेलं नाही त्याला सांगायचं तर, भर रस्त्यात म्हशी उभ्या असतात, तुमच्यादेखत धार काढतात, आणि ती तशीच गरम, फेसाळ, पेल्यात ओतून तुमच्या हातात देतात. तापवणं नाही, गाळणी फिरवली तर फिरवली. तालमीतून आलेली पोरं दोन घोटांत पेला रिकामा करून मनगटानं मिशा पुसतात. आमच्या घोळक्याकडं बघून गवळ्यानं विचारलं, "आजोबा, अर्धा अर्धा देऊ काय?"

हे 'अर्धा' नानांना त्या दिवशी दुसऱ्यांदा ऐकावं लागलं. "पूर्ण," ते म्हणाले. "आणि मोठा."

पेल्यातला वरचा दोन बोटं नुसता फेस होता. नानांनी तोंड लावलं आणि फेस नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत चिकटला. मग त्यांनी डोळे मिटले. लहानपणी मामाच्या गोठ्यात असं दूध प्यायलो होतो, म्हणाले, त्यानंतर आजच. म्हैस मान वळवून त्यांच्याकडं बघत होती. अक्कांनी पदरानं भावाचं तोंड पुसलं, आणि नानांनी एरवी घरात कुणाला करू दिलं नसतं ते तिथं चौकात, पैलवानांच्या समोर, निमूट पुसून घेतलं. बापूंनी "साखर नाही ना घातली?" असं गवळ्याला विचारलं. गवळी म्हणाला, "म्हशीनं घातली आसंल तर म्हाईत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ. कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव नव्हे, ब्रेडच्या स्लाइस देतात, हे पुण्याच्या माणसाला पहिल्यांदा खटकतं आणि दुसऱ्या घासाला पटतं. स्लाइस कट जास्त ओढते. प्रश्न तिखटाचा होता. हिनं पोऱ्याला जवळ बोलावून हळूच सांगितलं, "बाळा, आम्ही सगळे वयस्कर आहोत, जरा कमी तिखट आण हं." त्यानं मान डोलावली आणि आत ओरडला, "सहा मिसळ, म्हाताऱ्याऽऽ!" हा तिथला एक प्रकारच असावा, कारण आतून लगेच प्रतिध्वनी आला. मिसळ आली ती तरी लालभडकच होती. पहिल्या चमच्याला बापूंच्या श्रवणयंत्रानं शीळ घातली. दुसऱ्या चमच्याला माझं चोंदलेलं नाक, जे ऑक्टोबरपासून बंद होतं, मोकळं झालं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मला दोन महिने जी वाफ घ्यायला लावली होती तिचं काम तीन मिनिटांत झालं. सगळ्यांनी कट परत मागितला. कट कितीही वेळा मिळतो, त्याचे पैसे नाहीत, हे कळल्यावर बापूंमधला कॅशियर जागा झाला. त्यांनी चार वेळा घेतला.

मग एक गाडी ठरवून जोतिबा आणि पन्हाळा. चालवणारा पोरगा विशीतला, बोलायला गोड. गाडीत बसल्या बसल्या मी वही काढली. "जोतिबाला पायऱ्या किती?"

"काय न्हाईत हो काका. चार-दोन."

"नक्की चार की दोन?"

"आन् त्या पन खाली उतरायच्याच हाईत. चढायच्या न्हाईत."

"आणि परत येताना?"

पोरगं थोडा वेळ विचारात पडलं. एवढ्या भाविकांची ने-आण केली, पण हा मुद्दा त्याच्यासमोर आजवर कुणी मांडला नसावा. "ते मग बघू की," तो म्हणाला.

महाराष्ट्रात पायऱ्यांचा खरा आकडा कुणी सांगत नाही, हा माझा अनुभव आहे. रिक्षावाल्याच्या 'चार' म्हणजे चाळीस. नारळवाल्याच्या 'ह्या काय इथंच' म्हणजे वाटेत दोनदा बसावं लागेल. आणि एखादी शाळकरी पोरगी "हाईत जरा" म्हणाली तर तिथूनच कळसाला हात जोडून माघारी फिरावं. ती खरं बोलत असते.

जोतिबाचं देऊळ डोंगरावर, पण गाडी जिथं थांबते तिथून खाली उतरावं लागतं. आम्ही वरूनच कळस बघून, आम्हाला कळसदर्शनाचं पुण्य पुरे यावर चर्चा करत होतो. तेवढ्यात अक्का दिसेनात. शोधाशोध केली तर त्या निम्म्या पायऱ्यांवर होत्या, अनवाणी, एका हातात चपला, दुसऱ्या हातात नारळ. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई खाली जात असताना बहात्तर वर्षांच्या पुरुषानं वर उभं राहणं बरं दिसत नाही. गेलो. गुडघे प्रत्येक पायरीला हजेरी देत होते. खाली पोचतो तोवर अक्का दर्शन घेऊन, डोक्यापासून पायापर्यंत गुलालानं माखून, चांगभलं म्हणत परत वर निघाल्या होत्या. "थांबते वर," त्या म्हणाल्या. "सावकाश या."

पन्हाळा हा मात्र ज्येष्ठांचा गड. बाकीच्या किल्ल्यांवर महाराजांना भेटायचं तर आधी छाती भात्यासारखी फुलते. इथं गाडी थेट गडावर जाते, कारण वर गावच वसलेलं आहे. उंची समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या वर, पण ती सगळी पेट्रोल चढतं. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात हाही आहे. कवी मोरोपंतांचा जन्म इथलाच. (तारीख १ जून नसावी.)

हेडसर अंबरखान्यापाशी फुलले. गंगा, यमुना, सरस्वती अशी कोठारांची नावं, नुसत्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं म्हणतात. बापूंनी खंडीचं किलोत रूपांतर करायला घेतलं आणि ते दुपारपर्यंत चाललं. पुढं सिद्दी जौहरचा वेढा. १६६० सालच्या मार्चपासून जुलैपर्यंत, चार महिने गड आवळून धरलेला; मग जुलैतल्या त्या पावसाळी रात्री महाराज निसटले. शिवा काशीद पालखीत बसून मृत्यूला सामोरे गेले, घोडखिंड बाजीप्रभूंनी अडवली. हेडसर सांगत होते आणि आम्ही सगळे गप्प झालो होतो. नाना कालपासूनचा अबोला विसरून म्हणाले, "सर, एका रात्रीत विशाळगड हो! चिखलातून, पालखी खांद्यावर घेऊन!" मग त्यांना अबोला आठवला आणि ते वाक्याचा शेवट बापूंकडं तोंड करून बोलले. आम्ही गाडीपासून तीन दरवाज्यापर्यंत, उतारानं, दुपारच्या स्वच्छ उजेडात चाळीस मिनिटं घेतली होती आणि वाटेत दोनदा लिंबूपाणी घेतलं होतं.

तीन दरवाज्याच्या अलीकडं झुणका-भाकरीवाल्या बायका बसतात. चुलीवरची ज्वारीची भाकरी, झुणका, भरीत, मातीच्या गाडग्यातलं दही आणि खर्डा. पुण्याकडं आपण ज्याला ठेचा म्हणतो तो इथं खर्डा, आणि तो हिरव्या मिरचीचा असला तरी त्याचा स्वभाव लाल असतो. बसायला सतरंजी. माझ्या वहीच्या चौथ्या रकान्यात मोठी फुली पडली. पण भाकरीवाल्या बाईनं आमच्याकडं एकदा बघितलं आणि काही न बोलता शेजारच्या टपरीतून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक पालथं घमेलं आणलं. घमेलं हेडसरांच्या वाट्याला आलं.

अक्कांना दात तीनच, आणि ते एकमेकांसमोर येत नाहीत. त्या भाकरी हातात घेऊन नुसत्या बघत होत्या. बाईनं चुलीपुढून विचारलं, "आज्जी, कुस्करून देऊ काय?" आणि उत्तराची वाट न बघता ताटलीत गरम भाकरी घेतली, अंगठ्यानं आणि दोन बोटांनी बारीक चुरली, त्यावर गाडग्यातलं सायीचं दही घातलं, चिमूटभर मीठ, आणि कडेला खर्डा, मोहरीएवढा. "माझी सासू आशीच खाती," ती म्हणाली. अक्का जेवत असताना ती मधूनमधून वळून बघत होती, संपलं की पुन्हा चुरत होती. तीन भाकऱ्या गेल्या. पैसे देताना तिनं एकीचेच घेतले. "आज्जीचं कसलं आलंय," म्हणाली. बापूंनी हिशोब चुकतोय म्हणून तोंड उघडलं होतं. हिनं त्यांच्या पायावर पाय दिला.

संध्याकाळी चपला. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना मऊ तळव्याचे बूट सांगितलेत, टाचा दुखतात. पण कोल्हापुरात येऊन चप्पल न घेणं म्हणजे वाडीला जाऊन पादुकांकडं पाठ करणं. चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ मध्ये तर मिलानच्या फॅशन शोमध्ये एका इटालियन कंपनीनं तसल्याच चपला मिरवल्या आणि मूळ कुणाचं हे सांगायला विसरली, तेव्हा इथं केवढा गदारोळ झाला होता. नानांनी कापशी घेतली, करकर वाजणारी. दुकानदारानं सांगितलं, "पहिले आठ दिवस चावंल, मग तुमची." नाना तिथूनच पायात घालून निघाले. पन्नास पावलांनंतर डाव्या करंगळीनं तक्रार नोंदवली. पण आवाज असा दमदार होता की नाना लंगडतसुद्धा रुबाबात.

रात्री तांबडा-पांढरा. अक्का आणि ही शाकाहारी. त्या दोघी रंकाळ्यावर भेळ खायला गेल्या. आम्ही चौघं पुरुष म्हणजे पथ्याची चार पुस्तकं. बापूंना साखर, मला रक्तदाब, हेडसरांना आम्लपित्त, नानांना चरबी. पण माणसाची बुद्धी खानावळीत जितकी तल्लख चालते तितकी कोर्टातही चालत नसावी. "डॉक्टर काय म्हणाले? तेल-तिखट बंद," नाना पांढऱ्या रश्श्याची वाटी उचलून म्हणाले. "आता यात बघा. तेल दिसतंय? तिखट दिसतंय? नारळाचं दूध आहे, खसखस आहे. हे पथ्याचंच." मटणाच्या उकडलेल्या पाण्याचा उल्लेख कुणी केला नाही. तीन वाट्या झाल्या. हेडसर म्हणाले, "तांबडा मी फक्त चवीपुरता," आणि चव नीट कळेपर्यंत चाखत राहिले. बापूंचं म्हणणं रश्श्यात साखर नसते, हे वैद्यकीयदृष्ट्या बिनतोड होतं.

मध्यरात्री लॉजच्या बोळात करकर, करकर असा आवाज आला. थांबला. पुन्हा करकर. मी दार किलकिलं करून पाहिलं. नाना, एका हातात टॉर्च, बापूंच्या खोलीच्या दिशेनं निघाले होते. बापूंच्या पिशवीत साताऱ्याचे कंदी पेढे होते, येताना गाडीच्या खिडकीतून घेतलेले, 'नातवंडांसाठी'. नानांच्या लक्षात आलं की चप्पल वाजतेय. त्यांनी ती काढून हातात घेतली आणि पुढं गेले. बापूंचं दार उघडंच होतं. आत दिवा होता. बापू आणि हेडसर पलंगावर बसून खोक्यातले पेढे खात होते. कुणीही काही बोललं नाही. हेडसरांनी खोकं नानांपुढं धरलं. नानांनी ते थेट घेतलं, व्हाया बापू नाही.

सकाळी अक्कांनी नेहमीसारखं साखर मोजायचं यंत्र काढलं. त्या स्वतः मधुमेही नाहीत. पण बापूंच्या मुलीनं ते त्यांच्या स्वाधीन केलं होतं. बापूंच्या बोटाला सुई टोचली, आकडा आला, अक्कांनी तो वाचला आणि सगळ्या पुरुषांकडं एकदा बघितलं. "सासू असते तर एकेकाला उपाशी ठेवलं असतं," एवढंच म्हणाल्या.

तिसरा दिवस खिद्रापूर. कोपेश्वराच्या देवळाबद्दल इतिहासकारांनी लिहिलंय, मी फक्त मानेबद्दल सांगतो. पुढचा स्वर्गमंडप अठ्ठेचाळीस खांबांचा, आणि वर मधोमध छतच नाही. गोल मोकळं आकाश. खाली बरोबर त्याच्याखाली गोल शिळा. येणारा प्रत्येक जण तिच्याकाठी उभा राहून वर बघतो. आमच्यातल्या सहांपैकी पाच जणांना मणक्याचा त्रास. वर बघितलं की भोवळ येते. डॉक्टरांनी वर बघायलाच बंदी केली आहे. इतक्या लांब स्वर्गमंडपात येऊन स्वर्ग न बघता जायचं की काय, असा पेच पडला. तेव्हा बापूंनी मोबाइल काढला, सेल्फीचा कॅमेरा चालू केला आणि फोन जमिनीवर उताणा ठेवला. पडद्यात आकाश आलं. निळं, गोल, काठाला कोरीव नक्षी. आम्ही सहाही जण त्याच्याभोवती गुडघ्यांवर हात ठेवून वाकलो आणि खाली बघून स्वर्ग पाहिला. शाळेची सहल आली होती. पोरांनाही वाटलं खाली काहीतरी आहे, तीही येऊन वाकली. मग पडद्यात आकाशाऐवजी नुसती डोकी दिसायला लागली.

या देवळात नंदी नाही. गोष्ट अशी की दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून माहेरी गेली. तो नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला आहे. इकडं शंकर कोपले, म्हणून कोपेश्वर, आणि त्यांची समजूत घालायला विष्णू आले, ते धोपेश्वर. "बायको गाडी घेऊन माहेरी गेली म्हणून एवढं रुसायचं काय कारण?" ही म्हणाली. "मी गेले तेव्हा तुम्ही चार दिवस खिचडी खाल्लीत आणि शेजाऱ्यांना सांगत सुटलात." हेडसरांनी धोपेश्वराची भूमिका घेऊन विषय बदलला.

वाडीला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. कृष्णा-पंचगंगेचा संगम, काठावर दत्ताच्या पादुका. घाटाला पायऱ्या आहेत, आणि त्या मोजायचं मी टाळलं. दत्तावतारी महाराज बारा वर्षं राहिले त्या ठिकाणी माणसानं चार रकाने घेऊन फिरू नये. शिवाय वाडीची बासुंदी वरच मिळते.

बासुंदी हा दात नसलेल्यांसाठी देवानं केलेला पदार्थ आहे. चावायची नाही, गिळायची नाही. जिभेवर ठेवली की तीच जाते. बापू बाकावर बसून हातातल्या कपाकडं बघत होते. अक्कांची पाठ होती. त्या कवठाची बर्फी निवडण्यात गुंतल्या होत्या. बापूंनी पहिला चमचा तोंडात घातला तेवढ्यात अक्का न वळता म्हणाल्या, "एकच कप, बापू." त्यांनी पाठीमागं कसं पाहिलं ते कळलं नाही. बापूंनी एकच कप घेतला. मग माझ्या कपातलं अर्धं, आणि हिच्यातलं पाव, आणि हेडसरांना आम्लपित्त असल्यामुळं त्यांचा सगळाच. कप मात्र एकच.

चौथ्या दिवशी कोल्हापूरच्या स्टँडवर परतीची गाडी लागली. कंडक्टर मुलगी होती, पंचविशीतली, खाकी गणवेशात, हसऱ्या चेहऱ्याची. नाना शेवटी चढले. कापशीनं दोन्ही पायांच्या करंगळ्या सोलल्या होत्या, पांढरा रस्सा अजून पोटात मुक्कामाला होता, आणि अक्कांनी त्यांना दंडाला धरून पायरीवर चढवलं होतं. अक्कांच्या केसांत जोतिबाचा गुलाल तसाच होता.

मुलगी तिकिटाचं मशीन घेऊन आली. "आजोबा, कार्ड काढा, पंचाहत्तरवाल्यांचं शून्याचं तिकीट देते." मग अक्कांकडं बघून, "आणि ह्या तुमच्या धाकट्या बहीण काय?"

गाडीत शांतता पसरली. पुढच्या बाकावरून हेडसरांनी मान वळवली.

नानांनी खिशातून आधार काढलं, हात लांब करून तिच्या डोळ्यांसमोर धरलं आणि तारखेवर बोट ठेवलं. "नीट वाचा. एक जून. एक्कावन्न. चौऱ्याहत्तर आहे मी, चौऱ्याहत्तर! सर, सांगा हो यांना!"

"शाळेच्या दाखल्यावरची तारीख आहे," हेडसर म्हणाले. "ती चुकत नाही."

"अर्धं द्या," नाना म्हणाले, आणि सुटे पैसे मोजून तिच्या हातावर ठेवले.

अक्कांनी बटव्यातून आपलं कार्ड काढलं. "मला मात्र शून्यच दे गं बाई."